ख्रिस्ती बालशाळा, महाराष्ट्रातील

ख्रिस्ती मिशनांनी अथवा ख्रिस्ती व्यक्तींनी लहान मुलांसाठी चालविलेल्या व मुलाच्या स्वयंप्रेरित कृतीला अध्यापनाचा पाया मानणाऱ्या छोट्या शाळा. महाराष्ट्रात ह्या शाळांचा इतिहास दोन स्वतंत्र प्रवाहांच्या मीलनातून घडला. एक प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेल्या मिशनरी शिक्षणाचा आणि दुसरा यूरोपात उगम पावलेल्या बालकेंद्री शिक्षणपद्धतीचा होय. हे दोन्ही प्रवाह पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्यात प्रथम ठळकपणे एकत्र आले. अशा शाळेत मूल घालावे किंवा नाही, हा प्रश्न मराठी पालकांपुढे वेळोवेळी उभा राहिला. शिक्षणपद्धती चांगली आहे, हे बहुतेकांना मान्य असे. परंतु मुलाला स्वतःहून शिकू देणारी शाळा त्याच्या धर्मश्रद्धेलाही तसाच मोकळेपणा देईल काय, ह्याची शंका त्यांना वाटे. ह्या शाळांच्या इतिहासातील बहुतेक चढउतार ह्या एका शंकेभोवती फिरताना दिसतात.

पूर्वपीठिका : इंग्रजी अंमलापूर्वी व त्याच्या आरंभकाळात मराठी मुलांचे प्राथमिक शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, पाढे व पावकी-निमकी घोकणे, मोडी वाचन आणि हिशेब एवढा तिचा आवाका असे. शिक्षेचा धाक हे अध्यापनाचे सर्वमान्य साधन होते. शाळेतून मुलगा व्यवहाराला उपयोगी होऊन बाहेर पडावा, एवढीच पालकांची अपेक्षा असल्याने खेळातून शिकणे ही कल्पनाच त्यांना अपरिचित होती.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि त्यांनी लवकरच शाळा काढण्यास प्रारंभ केला. ह्याच मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. सिंथिया फरार ह्या १८२७ मध्ये मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगर येथील मुलींच्या शाळांची व्यवस्था त्यांनी १८६२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, पाहिली. ह्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली व १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांचे स्वतःचे इंग्रजी शिक्षणही पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. तेथील शिक्षण त्यांनी घेतले, परंतु धर्मांतर केले नाही. मिशनच्या शाळेचा लाभ घेऊन आपला मार्ग आपण ठरविणाऱ्या पुढील अनेकांच्या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे.

तथापि ह्या आरंभीच्या मिशनशाळा बालकेंद्री नव्हत्या. पाठांतर, प्रश्नोत्तररूपाने धर्मतत्त्वांची उजळणी व बायबलचे वाचन यांवर त्यांचा भर असे. त्यांचे नावीन्य शिक्षणपद्धतीपेक्षा प्रवेशाच्या मोकळेपणात होते. ज्यांना पंतोजींच्या शाळेचे दार बंद होते, अशा जातींतील मुलांना आणि मुलींना त्यांनी वर्गात घेतले. ह्या समाजांतील पालकांपुढे अनेकदा निवड अशी नव्हतीच. मिशनची शाळा किंवा शिक्षणाचा अभाव, एवढेच दोन पर्याय त्यांना उपलब्ध होते.

धर्मांतराचा प्रश्न : मुंबईत जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी आपली मुले मोठ्या संख्येने शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या धर्मांतराने हिंदू समाजात अशीच खळबळ माजली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत शेषाद्री हा मिशनऱ्यांजवळ राहत होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितल्यावर मुलगा अज्ञान असल्याने त्याला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि त्याबद्दल त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला.

ह्या प्रकरणाने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. अज्ञान मुलाच्या शिक्षणाची व धर्माची निवड पालकाची आहे, हे तत्त्व न्यायालयाने उचलून धरले. त्याचबरोबर, शाळेविषयी एकदा उत्पन्न झालेला अविश्वास तिच्या अध्यापनाच्या गुणवत्तेने दूर होत नाही, हेही दिसून आले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आखले. अनुदान लौकिक शिक्षणाच्या दर्जावर द्यावे आणि शाळेच्या धार्मिक शिक्षणात सरकारने हात घालू नये, असे ठरले. त्यामुळे मिशनशाळांना सरकारी साहाय्य मिळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु पालकाची शंका त्याच्यापाशीच राहिली.

बालोद्यान पद्धती : जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकनबुर्ख येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. फ्रबेल हे एका ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाचे पुत्र होते. सर्व सृष्टीत ईश्वरी एकत्व भरलेले असून मूल स्वतःच्या कृतीतून त्या एकत्वाचा अनुभव घेते, अशी त्यांची धारणा होती. ह्यासाठी त्यांनी ‘देणग्या’ नावाची क्रीडासाधने क्रमवार योजिली. पहिल्या देणगीत सहा रंगांचे मऊ चेंडू, दुसरीत लाकडी गोल, घन व वृत्तचिती, तर तिसरीत आठ लहान घनांत विभागलेला एक घन असे. त्यांच्या जोडीला कागदाच्या घड्या घालणे, विणणे, मातीकाम, चित्रे काढणे, वर्तुळात उभे राहून गाणी म्हणणे व प्रत्येक मुलाने आपला वाफा जोपासणे ह्या गोष्टी असत. शिक्षिकेने मुलाला घडवावयाचे नसून, माळ्याप्रमाणे त्याच्या वाढीला अनुकूल परिस्थिती निर्माण करावयाची, हे ह्या पद्धतीचे सूत्र होय. [⟶ किंडरगार्टन].

ह्या पद्धतीच्या धर्माशी असलेल्या नात्याबद्दल प्रारंभापासूनच गैरसमज होते. नास्तिकता व समाजवाद पसरविण्याच्या आरोपावरून प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली. धार्मिक भावनेतून जन्मलेली शाळा जर्मनीत नास्तिक ठरविली गेली आणि चार दशकांनंतर तीच पद्धती वापरणारी पुण्यातील शाळा धर्मप्रसारक ठरविली गेली, हा विरोधाभास लक्षणीय आहे. दोन्ही ठिकाणी मुलाला मिळणाऱ्या मोकळिकीचे अंतिम फळ काय असेल, ह्याची धास्ती हेच विरोधाचे मूळ होते.

रमाबाई : एक पालक : पंडिता रमाबाई ह्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ॲंग्लिकन भगिनीसंघाच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व त्यांची कन्या मनोरमा (१८८१–१९२१) हिने बाप्तिस्मा घेतला. रमाबाई पुढे चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात राहावयास गेल्या व मनोरमेचा सांभाळ काही काळ वाँटेजच्या भगिनींनी केला. मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यावे, ह्याविषयी रमाबाई व सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रव्यवहारातून तीव्र मतभेद झाले. स्वतःला न पटलेले त्रैक्याचे धर्मतत्त्व आपल्या अजाण मुलीला शिकविले जावे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. मुलीच्या शिक्षणाचा निर्णय आईनेच करावयाचा, ह्या भूमिकेवर त्या ठाम राहिल्या. १८८६ च्या आरंभी त्या मनोरमेस घेऊन अमेरिकेला गेल्या.

ह्या घटनेचे महत्त्व चरित्रापुरते मर्यादित नाही. ख्रिस्ती झाल्यानंतरही, ख्रिस्ती संस्थेच्या ताब्यातील आपल्या मुलीच्या बाबतीत रमाबाईंनी जे हक्क सांगितले, ते हिंदू पालक मिशनशाळेपुढे सांगत असलेल्या हक्कांहून वेगळे नव्हते. पालक म्हणून हा अनुभव घेतल्यावर तीन वर्षांनी त्या स्वतः संस्थाचालिका झाल्या.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले व ह्या पद्धतीला अनुसरून मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित संस्थेस दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे मान्य केले. संस्थेत धार्मिक तटस्थता पाळावयाची, ही त्यामागील अट होती.

शारदा सदन : ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक दोन विद्यार्थिनींनिशी शारदा सदन सुरू झाले. ही केवळ बालशाळा नव्हती; उच्चवर्णीय विधवांना, विशेषतः बालविधवांना, निवारा व स्वावलंबी होण्यापुरते शिक्षण देणे हा तिचा हेतू होता. परंतु मुलींना रमाबाई बालोद्यान पद्धतीचा परिचय करून देत आणि शिक्षिका म्हणून त्यांनी ती पुढे न्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यामुळे मराठी स्त्रियांच्या हाती बालशिक्षणाचे आधुनिक तंत्र सोपविणारी ही एक आद्य संस्था ठरली.

सदनाची निवड पालक कशी करीत, हे गोदूबाई नातू यांच्या उदाहरणावरून समजते. देवरुखच्या जोशी घराण्यातील ह्या विधवा मुलीला तिचे बंधू नरहरपंत जोशी यांनी सदनात दाखल केले. रमाबाई ख्रिस्ती आहेत, हे कुटुंबाला ठाऊक होते. तरीही विधवेला सन्मानाने शिकता येईल अशी दुसरी जागा नव्हती. शिवाय सदनात प्रत्येकीला आपला आचार पाळण्याची मुभा होती. गोदूबाईंचा पुनर्विवाह ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला व त्या पुढे आनंदीबाई कर्वे ह्या नावाने प्रसिद्ध झाल्या. सदनातील वास्तव्यानंतरही त्या हिंदूच राहिल्या.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळात होते. रमाबाई रोज मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे व काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. कोणावर सक्ती नाही, तशी कोणाला मनाईही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. सल्लागारांच्या मते मात्र अल्पवयीन आश्रित मुलींच्या बाबतीत असा मोकळेपणा हा तटस्थतेचा भंग होता. जिच्यावर मुलीचे अन्न, वस्त्र व शिक्षण अवलंबून आहे, तिची प्रार्थना ही मुलीला केवळ आणखी एक पर्याय वाटत नाही, हे ह्या आक्षेपाचे मर्म होय. लोकमान्य टिळकांच्या केसरीतून सदनावर कडक टीका झाली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली सदनातून काढून नेल्या.

ह्या प्रसंगी दोन्ही पक्षांची भूमिका तत्त्वाची होती. आपली श्रद्धा दाराआड लपवून ठेवणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. सुधारकांच्या दृष्टीने पालकांना दिलेले वचन अधिक महत्त्वाचे होते. ते मोडल्यास विधवांच्या शिक्षणाचे सगळे कार्यच समाजाच्या अविश्वासाला पात्र होईल, अशी त्यांना भीती वाटत होती. नुकसान झाले ते मुख्यतः काढून नेलेल्या मुलींचे. त्यांपैकी अनेकींना शिक्षणाचा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता आणि त्यांचे स्वतःचे मत विचारात घेतले गेले नाही. हिंदू पालकांना निःशंकपणे आपली वाटेल अशा संस्थेची उणीव जाणवल्याने कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे हिंगणे येथे त्याचा विस्तार झाला.

मुक्ती सदन व सोलापूर : १८९६–९७ च्या दुष्काळानंतर रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली केडगाव (जि. पुणे) येथे आणल्या. १८९८ मध्ये तेथील मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. असोसिएशनची पुनर्रचना झाल्यावर तटस्थतेची अट उरली नाही व संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. पुढे तेथील मुली व स्त्रियांची संख्या सु. दोन हजारांपर्यंत पोहोचली. बालोद्यान वर्ग, शिक्षिकांचे प्रशिक्षण, शेती, विणकाम, छपाई इ. उद्योग व अंधांचे शिक्षण अशा तिच्या शाखा होत्या. येथे पालकांच्या निवडीचा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. बहुतेक मुलींना पालकच नव्हते आणि संस्था हेच त्यांचे घर होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापूर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी बी. हार्डिंग यांनी बालोद्यान वर्ग चालविले व त्यांच्या जोडीने बालशिक्षिकांना प्रशिक्षण देण्याची सोय केली. गिरणगावाचे स्वरूप आलेल्या ह्या शहरात, आई-वडील दिवसभर कामावर जात असलेल्या कुटुंबांना लहान मुलांच्या शाळेची गरज नव्याने जाणवू लागली होती. येथे पालकांच्या निवडीत धर्माबरोबरच दैनंदिन गरजेचाही वाटा होता.

दक्षिण महाराष्ट्र : कोल्हापूर येथे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशनकार्य सुरू केले. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. पुढे सांगली व मिरज येथे ह्या मिशनची केंद्रे झाली. मिरज येथे विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये काढलेले रुग्णालय सर्वश्रुत आहे. सांगलीत मिशनने मुलांची वसतिशाळा चालविली. तीत पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला सुतारकाम, शेतीकाम यांसारखे हातचे उद्योग शिकविले जात. सांगली व मिरज ही पटवर्धनांची हिंदू संस्थाने होती आणि मिशनच्या शाळा व दवाखाना यांना तेथे वाव मिळाला.

ह्याच प्रेसबिटेरियन परंपरेतील एक उल्लेखनीय प्रयोग पंजाबमधील मोगा येथे झाला. विल्यम मॅकी यांनी तेथील ग्रामीण शिक्षकांच्या प्रशिक्षण शाळेत १९२० च्या सुमारास प्रकल्प पद्धती अवलंबिली. घर, दुकान, शेत असे मुलांच्या परिचयाचे विषय घेऊन त्यांच्या प्रत्यक्ष कामातूनच वाचन, लेखन व गणित शिकविले जाई. मिशनशाळेतील पाठांतराच्या परंपरेला ख्रिस्ती शिक्षकांनीच दिलेला हा छेद होता. भारतातील मिशनरी ग्रामशिक्षणाच्या विचारावर त्याचा मोठा प्रभाव पडला.

सांगली व मिरज यांच्या दरम्यान असलेला विश्रामबाग हा भाग १९१९ मध्ये स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयामुळे व १९४७ मध्ये निघालेल्या, पुढे वालचंद यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे शैक्षणिक वसाहत म्हणून वाढला. प्राध्यापक, नोकरदार व व्यापारी कुटुंबांच्या अशा वस्तीत पालकांपुढचा पेच पूर्वीपेक्षा निराळा असतो. बालवाडी, मराठी प्राथमिक शाळा, इंग्रजी माध्यमाची शाळा असे पर्याय त्यांना जवळपास उपलब्ध असतात. ख्रिस्ती संस्थेची शाळा हा त्यांपैकी एक पर्याय ठरतो व तो बहुधा धर्मापेक्षा माध्यम, शिस्त व अंतर यांच्या विचाराने स्वीकारला किंवा नाकारला जातो.

इतर बालकेंद्री शाळा : मिशनच्या चौकटीबाहेर बालकेंद्री शिक्षणाची मोठी चळवळ गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे काढलेल्या बालमंदिरापासून सुरू झाली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये बोर्डी (जि. ठाणे, आता पालघर) येथे सुरू झालेले ताराबाईंचे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य अनुताई वाघ यांच्या सहकार्याने पुढे कोसबाडच्या आदिवासी वस्तीत बहरले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात नेणारी ‘अंगणवाडी’ व गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची ‘कुरणशाळा’ ह्या कल्पना त्यातूनच पुढे आल्या. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) स्वतः कॅथलिक होत्या. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या, त्या मात्र थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून. एखाद्या शिक्षणपद्धतीचे तिच्या प्रवर्तकाच्या धर्माशी असलेले नाते अटळ नसते, हे ह्या घडामोडींनी दाखवून दिले. मुलाचा मोकळेपणा हवा, पण धर्माची शंका नको, अशा पालकांना आता स्वतंत्र पर्याय मिळाला. [⟶ माँटेसरी शिक्षणपद्धति].

पालकांचा अधिकार : भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, राज्याने मान्यता दिलेल्या अथवा राज्याकडून साहाय्य घेणाऱ्या शाळेत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवाचून, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. १८४३ व १८९३ मध्ये ज्या प्रश्नांनी समाज दुभंगला, त्यांपैकी संस्थेचा हक्क व पालकाची संमती हे दोन्ही अशा रीतीने संविधानात समाविष्ट झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ह्या वयोगटासाठी पायाभूत टप्पा कल्पिला असून त्यात खेळ व कृती यांवर आधारलेल्या शिक्षणावर भर आहे. फ्रबेलच्या काळी शंकास्पद ठरलेली पद्धती अशा प्रकारे शासकीय धोरणाचा भाग बनली आहे.

ह्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. छोट्या शाळेचे बळ तिच्या आकारात असते, कारण शिक्षिका प्रत्येक मुलाला ओळखते. पण तिचा दुबळेपणाही त्यातच असतो. एका व्यक्तीवरील विश्वासावर ती उभी असते व तो ढळताच संस्थाच डळमळते. धार्मिक शाळेने आपली श्रद्धा पालकांना प्रारंभीच स्पष्ट सांगितली, तर निवड जाणीवपूर्वक होते. तटस्थतेचे वचन देऊन पुढे ते सैल झाल्यास मात्र पद्धतीचे गुणही दोषी ठरतात. लहान मुलाच्या बाबतीत मोकळीक व प्रभाव यांतील सीमारेषा अतिशय पुसट असते, कारण ज्या शिक्षिकेवर मुलाचा जीव जडतो, तिच्या प्रार्थनेकडेही ते ओढले जाते. वाँटेज येथे आई म्हणून रमाबाईंनी ही सीमारेषा अचूक ओळखली होती. पुण्यात संस्थाचालिका म्हणून ती आखताना त्यांचे व पालकांचे एकमत होऊ शकले नाही. महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा पुढील विस्तार, मग तो हिंगण्याचा असो, केडगावचा असो वा कोसबाडचा, ह्या अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरे होत.